वाचक विचारतात: पूर्णविरामात मावणाऱ्या कीटकाचं वर्णन कसं करतात?

गेल्या अंकात मी एका नव्या फेअरीफ्लायबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. उष्णकटिबंधातल्या दमट जंगलात झाडोऱ्यावर जाळी फिरवताना मिळालेली ०.३ मिलिमीटर लांबीची मादी, आणि तिचं वर्णन लिहून पुरं करायला मला लागलेली तीन वर्षं, एवढाच तो मजकूर होता. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना पडलेला प्रश्न एकच: जे धड दिसतही नाही त्याचं वर्णन करायचं कसं? सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून त्यातली काही पत्रं निवडली आहेत. पहिली दोन उत्तरं लांबली आहेत, कारण माझं रोजचं काम तिथेच आहे.

प्रश्न: ‘वर्णन केलं’ असं तुम्ही लिहिता, म्हणजे नेमकं काय करता? फोटो काढला, मोजमापं घेतली की झालं का?
(बी.एस्सी.ची विद्यार्थिनी)

फोटो आणि मोजमापं असतातच, पण त्याच्या आधीचं काम मोठं आहे आणि ते स्लाइडवर होतं.

फेअरीफ्लाय या नावात माशी असली तरी हा जीव गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातला. कुळाचं नाव मायमॅरिडी. जगभरातून त्यांच्या सुमारे १४०० जातींना नावं मिळाली आहेत आणि जवळपास सगळ्या दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांमध्ये आपली अंडी घालतात. जाळीतला ऐवज अल्कोहोलच्या बाटलीत येतो. तो बशीत ओतला की तळाशी नुसता गाळ दिसतो: तुडतुडे, मुंग्या, कोळ्यांचे पाय, पानांचा चुरा. मायक्रोस्कोपखाली बशी इंचाइंचाने सरकवत गेलं की त्या गाळात कधीतरी एक करडा ठिपका लागतो आणि त्याच्या कडेने केसांची झालर चमकते. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी ती झालर दिसली की मी श्वास रोखते. श्वास रोखणं कामाचाही भाग आहे, कारण वाळलेला नमुना नुसत्या उच्छ्वासाने उडून जातो. पंखा बंद, खिडकी बंद, अंगात सुती कपडे. कृत्रिम धाग्याच्या बाहीत साठलेली स्थिर वीज नमुना ओढून घेते आणि मग तो बाहीवर शोधत बसावं लागतं.

ठिपका उचलायला मी एकाच केसाचा कुंचला वापरते. नमुना आधी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचा. आतला मऊ भाग विरघळतो आणि कायटिनचं पारदर्शक कवच उरतं. इथे घड्याळाकडे लक्ष हवं, मिनिटं चुकली तर कवचही पिचकतं. मग पाणी, मग चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, शेवटी लवंगेचं तेल. माझ्या खोलीला कायम लवंगेचा वास असतो. त्यानंतर कॅनडा बाल्सम, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी वृक्षाची राळ. तिच्यातून प्रकाश जवळजवळ काचेतून जावा तसा जातो, म्हणून नमुन्याच्या कडा स्वच्छ दिसतात. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या बाल्सममधल्या स्लाइड आजही वाचता येतात.

बाल्समच्या थेंबात कीटक ठेवून अगदी बारीक सुईने एका बाजूचे पंख सोडवायचे. डोकं वेगळं करून चेहरा वर येईल असं ठेवायचं. शृंगिका, म्हणजे मिशा, सरळ करायच्या. पंखांना एक कव्हरस्लिप, डोक्याला एक, शृंगिकेला एक, धडाला एक. टिंबाएवढ्या जिवाला चार-पाच कव्हरस्लिपा लागतात. मग स्लाइड मंद उबेच्या पेटीत कित्येक आठवडे वाळवायची.

एकदा एका जातीचा माझ्याकडे असलेला एकुलता एक नर मी स्लाइडवर घेत होते. सुई टेकली आणि शृंगिकेचा शेवटचा खंड तुटून गेला. दुसऱ्या बाजूची शृंगिका जाळीतच तुटलेली होती. थेंबाची कड, सुईचं टोक, कुंचल्याचा केस, सगळं संध्याकाळपर्यंत धुंडाळलं. खंड मिळाला नाही. वर्णनात मी तेच लिहिलं: नराच्या शृंगिकेचा शेवटचा खंड नमुन्यात नाही. अंदाजाने रेखाटून टाकणं सोपं होतं, पण पुढे कुणाला पूर्ण नर मिळाला असता तर माझ्या चित्राशी न जुळल्यामुळे त्याने ती वेगळी जात धरली असती.

आता लिहायचं काय? शृंगिकेचे खंड किती, कोणता लांब, कोणत्या खंडावर लांबट संवेदन-पट्ट्या आहेत आणि किती. पावलाचे खंड चार की पाच. पुढच्या पंखाची लांबी रुंदीच्या कितीपट, झालरीतला सगळ्यात लांब केस पंखाच्या रुंदीच्या कितीपट. अंडी घालायची नळी मागच्या पायाच्या नळीपेक्षा लांब की आखूड. पाठीवर केसांच्या जोड्या किती आणि कुठे. सगळी मापं मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. शिवाय नमुना कोणत्या अवस्थेत मोजला हेही लिहावं लागतं, कारण वाळला की तो आक्रसतो आणि कव्हरस्लिपखाली पसरतो. सिडोसेला मुसावासेन्सिस हा भुंगेरा १९९९ मध्ये निकाराग्वातून वर्णिला गेला. त्याचे मोजके नमुने आधीच सूक्ष्मदर्शकासाठी तयार करून टाकलेले होते, त्यामुळे नेमकी लांबी सांगता येईना. २०१५ मध्ये कोलंबियातल्या चिकाके उद्यानात बुरशीवर ८५ नमुने मिळाले, तेव्हा कुठे कळलं की त्यातला सगळ्यात छोटा ०.३२५ मिलिमीटर आहे. परजीवी नसलेल्या ज्ञात कीटकांत तो सगळ्यात लहान ठरला.

वर्णनाच्या सुरुवातीला आणखी एक छोटा परिच्छेद असतो आणि मला तो सगळ्यात अवघड जातो: ही जात जवळच्या भाईबंदांपासून कशी ओळखायची. मी दोनशे ओळींचं वर्णन लिहीन, पण पुढच्याच्या हातात दुसरा ठिपका असेल, तेव्हा तो आधी हा परिच्छेद वाचणार आहे. त्याला मी कधी भेटणार नाही. त्याच्याकडे माझ्यापेक्षा वाईट मायक्रोस्कोप असू शकतो. म्हणून फक्त उत्तम यंत्रातच दिसेल अशी खूण मी तिथे एकटी ठेवत नाही. सोबत साध्या यंत्रात मोजता येईल अशी एक तरी देते.

प्रश्न: तुमचा कीटक नवा आहे हे तुम्हाला कसं कळलं? कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच त्याला नाव दिलेलं असलं तर?
(निवृत्त ग्रंथपाल)

तर माझं नाव बाद आणि त्यांचं कायम. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या नावाला मान असतो. ही मोजणी निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून धरतात. त्यामुळे तीन वर्षांतली निम्मी वर्षं तरी माझी ‘आधी कुणी नाव दिलंय का’ हे पाहण्यात गेली. तुम्ही ग्रंथपाल आहात, तुम्हाला हे काम ओळखीचं वाटेल.

पहिल्यांदा प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवायची. मग त्या प्रजातीत आजवर जितक्या जातींना नावं मिळाली त्या सगळ्यांची मूळ वर्णनं काढायची, काही लॅटिनमध्ये, काही जर्मन, काही फ्रेंच. एकोणिसाव्या शतकातलं वर्णन कधी कधी दोन ओळींचं असतं: ‘काळसर, पाय पिवळे, पंख अरुंद.’ या कुळातल्या शेकडो जातींना ते लागू पडेल. अशा वेळी कागद सोडून मूळ नमुना पाहावा लागतो. जातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात. वर्णनात चूक निघाली, चित्र बिघडलं, लेखक हयात नसला, तरी ते नाव त्या नमुन्याचंच राहतं. म्हणून होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे नव्या जातीच्या वर्णनात लिहावंच लागतं.

मी एकदा असाच एक जुना होलोटाइप पाहायला मागवला. कुठल्या संग्रहातून ते सांगत नाही. स्लाइड आली ती काळी पडलेली. नमुना बाल्सममध्ये न ठेवता पाण्यात विरघळणाऱ्या माध्यमात ठेवलेला होता. त्यात काळाने स्फटिक झाले होते. पंखाची बाह्यरेषा दिसत होती, केस मोजता येत नव्हते. ज्या एका खुणेवर सगळं अडलं होतं तीच स्फटिकाखाली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. नमुना होता आणि नव्हताही. शेवटी त्याच ठिकाणी गोळा केलेले इतर जुने नमुने दुसऱ्या संग्रहात सापडले आणि त्यावरून प्रश्न सुटला. त्यात पाच महिने गेले.

मग वेगळेपण खरं आहे का, हे तपासायचं. मादी मोठ्या अंड्यात वाढली तर मोठी होते, लहान अंड्यात वाढली तर खुरटी, आणि शरीराबरोबर केसांची संख्याही बदलते. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस या बारीक गांधीलमाशीच्या जातीत तर नर पतंगाच्या अंड्यातून निघाला तर पंखांचा असतो, आणि आल्डरफ्लाय या पाणकाठच्या कीटकाच्या अंड्यातून निघाला तर बिनपंखांचा. दोन्ही एकाच जातीचे. नुसतं शरीर पाहून त्यांची दोन नावं झाली असती. नर-मादीचाही तसाच घोळ. डिकोपोमॉर्फा एकमेप्टेरिगिस, १९९७ मध्ये वर्णन झालेली फेअरीफ्लायची जात: मादीला पंख आहेत, डोळे आहेत, नर ०.१३९ मिलिमीटरचा, आंधळा, बिनपंखांचा, शृंगिका म्हणजे दोन गाठी. ज्ञात कीटकांत यापेक्षा छोटा प्रौढ कुणी नाही. हा नर एकटा बशीत सापडला असता तर तो कुणाचा हे ओळखणं कठीण होतं.

डीएनए बारकोडची मदत इथे मोठी. एका ठरावीक जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून नर आणि मादी एकाच जातीचे आहेत का ते पाहता येतं. २००३ पासून ही पद्धत रूढ झाली. पण राळेत ऐंशी वर्षं बसलेल्या होलोटाइपमधून वाचण्याजोगा डीएनए मिळण्याची आशा फार नसते, आणि तुलना तर त्याच्याशीच करायची असते. म्हणून केस मोजणं काही सुटत नाही.

एका अभ्यासात असं दिसलं की नमुना गोळा झाल्यापासून त्याचं नवी जात म्हणून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. तो अभ्यास २०१२ मध्ये आला. माझी तीन वर्षं तुम्हाला जास्त वाटली असतील. मला ती कमीच वाटली.

प्रश्न: मॅडम, एवढ्या लहान किड्याला मेंदू असतो का? आणि तो वाऱ्यात उडतो कसा?
(इयत्ता सातवी)

असतो. आणि तुझा प्रश्न शास्त्रज्ञांनाही फार दिवस पडला होता.

मेगाफ्रॅग्मा नावाची एक गांधीलमाशी आहे, ०.२ मिलिमीटरची. पुस्तकात पॅरामेशियमचं चित्र पाहिलं असशील. तो एकाच पेशीचा जीव, आणि ही माशी जवळजवळ त्याच्याएवढीच. पण हिला डोळे, पाय, पंख, आतडं, स्नायू सगळं आहे. हे सगळं एवढ्याशा जागेत कसं बसवलं? हिच्या मज्जासंस्थेत सुमारे ७४०० पेशी आहेत. मधमाशीच्या मेंदूत त्या दहा लाखांच्या घरात असतात. आणि कोशातून बाहेर पडायच्या आधी हिच्या बहुतेक मज्जापेशी आपलं केंद्रक टाकून देतात. केंद्रक म्हणजे पेशीचा मधला गोळा, तो टाकला की जागा वाचते. रशियाचे अलेक्सेई पोलिलोव यांनी २०१२ मध्ये हे दाखवलं. केंद्रक नसलेल्या मेंदूने ही माशी उडते, अन्न शोधते आणि अंडी घालायला नेमकी जागा हुडकते.

उडण्याचं असं आहे: तू पाण्यात हात फिरवलास तर पाणी अडवतं, मधात फिरवलास तर फारच अडवतं. एवढ्या लहान जिवाला हवाच मधासारखी दाट लागते. म्हणून त्याचे पंख पत्र्यासारखे सलग नसतात. मधे एक काडी आणि दोन्ही बाजूंना केस, पिसासारखे. केसांमधल्या फटींतून दाट हवा पटकन निसटत नाही, त्यामुळे पंख वल्ह्यासारखे काम करतात, आणि वजनाला अगदी हलके राहतात. पॅराटुपोसा प्लॅसेंटिस नावाच्या ०.३९५ मिलिमीटरच्या भुंगेऱ्याचं उडणं वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून २०२२ मध्ये छापून आलं. त्याचे पंख इंग्रजी आठचा आकडा काढत फिरतात आणि वरची दोन कवचं उघडमिट करत शरीराचा तोल सांभाळतात. जोराच्या वाऱ्यात मात्र तो वाराच त्याला घेऊन जातो.

पंख असलेल्यांत आज माहीत असलेला सगळ्यात छोटा कीटक किकिकी हुना. फेअरीफ्लायच आहे. एक नमुना ०.१५८ मिलिमीटर भरला. पट्टीवरचा एक मिलिमीटर घे आणि त्यात असे सहा एकापुढे एक ठेव.

प्रश्न: नव्या जातीचा शोध लावायचा आणि त्यासाठी तिलाच मारायचं, हे मला पटत नाही. फोटोवर भागत नाही का?
(गृहिणी आणि निसर्गप्रेमी)

तुमची तक्रार मला मान्य आहे. मीही ती मनात घेऊन काम करते. म्हणूनच एकदा गोळा केलेल्या बाटलीतला एकही नमुना बिनलेबलाचा किंवा सडलेला टाकून द्यावा लागला तर ते मला अक्षम्य वाटतं.

फोटोवरून वर्णन झालेलं आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन निव्वळ छायाचित्रांवरून छापलं गेलं आणि जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ त्यावर वाद घालत राहिले. ती माशी नुसत्या डोळ्यांना दिसणारी होती, तिची ठेवण आणि रंग वेगळे होते. ०.३ मिलिमीटरच्या जिवाचे शृंगिकेवरचे संवेदन-पट्टे जिवंतपणी, झाडावर, फोटोत येत नाहीत. आणि दहा वर्षांनी कुणी नवी खूण शोधली, ‘तिसऱ्या खंडाच्या आतल्या बाजूला बघा’ असं म्हणालं, तर फोटोला उलटून बघता येत नाही.

नमुने अमर असतात असं मात्र नाही. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोतलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. त्यात कीटकांचे लाखो नमुने गेले, होलोटाइपही गेले. बातमी वाचली तेव्हा मी टेबलावरून उठून माझी कपाटं बंद आहेत का ते पाहून आले. तेव्हापासून मी जमेल तिथे एकाच जातीचे नमुने दोन-तीन देशांतल्या संग्रहांत वाटून ठेवते.

प्रश्न: माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या नावाने एखाद्या कीटकाचं नाव ठेवता येईल का? त्यासाठी काय करावं लागतं?
(वाचक)

नियमाने येतं. जो वर्णन लिहितो तो नाव ठेवतो. नाव रोमन अक्षरांत हवं, निदान दोन अक्षरांचं, आणि त्या प्रजातीत आधी कुणी वापरलेलं नको. पुरुषाच्या नावापुढे शेवटी ‘आय’ हे रोमन अक्षर येतं, स्त्रीच्या नावापुढे ‘ए-ई’. शब्द कोणत्याही भाषेतला चालतो. किकिकी हुना हे दोन्ही शब्द हवाईतल्या भाषेतले आहेत आणि दोन्हींचा अर्थ ‘अगदी इवलंसं’ असाच होतो. हवाईनंतर ही जात कोस्टा रिका आणि त्रिनिदादमध्येही मिळाली, तरी नाव हवाईचंच राहिलं. कोस्टा रिकात मिळालेल्या टिंकरबेला नाना या फेअरीफ्लायचं नाव २०१३ मध्ये मुलांच्या एका गोष्टीतल्या परीवरून आणि त्याच गोष्टीतल्या कुत्रीवरून ठेवलं गेलं, शिवाय बुटक्याला असलेल्या ग्रीक शब्दाशीही ते जुळतं. मराठी शब्दही चालेल. ‘चिमुकली’ नावाची फेअरीफ्लाय असावी असं मला फार दिवस वाटतंय.

स्वतःचं नाव मात्र कुणी स्वतः ठेवत नाही. तसा नियम नाही, पण रीत आहे आणि ती चांगली आहे.

माझ्या एका जातीला मी आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांचं नाव दिलं. सोळा वर्षं माझ्या सगळ्या स्लाइडची लेबलं त्यांच्या अक्षरात होती. छापलेला अंक त्यांना दिला तेव्हा त्यांनी आधी नाव वाचलं नाही, होलोटाइपच्या लेबलवरची तारीख बरोबर छापली आहे का ते पाहिलं. तुमच्या आईसाठी नाव हवं असेल तर कुणा अभ्यासकाला जाऊन भेटा, नमुने गोळा करायला, निवडायला मदत करा. निवडणाऱ्या हातांची फार टंचाई आहे. नाव मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्या बशीत तुम्हाला कुणीही न पाहिलेलं काहीतरी पाहायला मिळेल.

प्रश्न: या संशोधनाचा शेतकऱ्याला उपयोग काय?
(कृषी पदवीधर)

किडींच्या अंड्यांवर सोडतात ती ट्रायकोग्रामा तुम्हाला ठाऊक असणार, त्याबद्दल मी सांगायला नको. मी कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, गोष्ट सांगते, कारण त्यात नावाच्या चुकीने काय होतं ते दिसतं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत कसाव्यावर एक पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारा कीटक, आला आणि पीक बुडवून गेला. १९७७ मध्ये दानिएल मातिल-फेरेरो यांनी काँगोतल्या नमुन्यांवरून त्याचं नवी जात म्हणून वर्णन केलं: फेनाकोकस मॅनिहोटी. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तेव्हा हा ढेकूणही तिकडचाच असणार, आणि त्याचे नैसर्गिक शत्रूही तिकडेच असणार. शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात अगदी तसाच पिठ्या ढेकूण मिळाला. त्याचे परजीवी आणले, पण ते आफ्रिकेतल्या ढेकणाला लागेनात. बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की उत्तरेकडच्या ढेकणात नर असतात, आफ्रिकेतला नरांवाचूनच वाढतो. दोन वेगळ्या जाती. उत्तरेकडच्याला १९८१ मध्ये फेनाकोकस हेरेनी हे नाव मिळालं. त्याच वर्षी खरा मॅनिहोटी पॅराग्वेत सापडला, आणि त्याच्यासोबत त्याच्यावर वाढणारी छोटी गांधीलमाशी, लोपेझी. ती नायजेरियात सोडली, तिथून ती आफ्रिकेच्या कसावा पट्ट्यात पसरत गेली, आणि बहुतेक ठिकाणी ढेकूण आटोक्यात आला. या कामासाठी मोहिमेचे प्रमुख, कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

माझं लक्ष यातल्या दुसऱ्याच तारखेवर अडकतं. लोपेझीचं वर्णन अर्जेंटिनाचे लुईस दे सांतिस यांनी १९६४ मध्येच करून ठेवलं होतं. तेव्हा आफ्रिकेत तो ढेकूण नव्हता, कुणी लोपेझीची मागणी केली नव्हती. माशी सापडली, वेगळी दिसली, नीट लिहून ठेवली. सतरा वर्षांनी पॅराग्वेत हाती आलेल्या माशीला ओळखायला ते लेखन तयार होतं.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात मी सहलीला एका जंगलात गेलो होतो, तिथे पिवळ्या वाडग्यात साबणाचं पाणी ठेवून बारीक किडे गोळा केले. एका बाटलीत भरून ठेवलेत. तुम्हाला पाठवू का?
(अकरावीचा विद्यार्थी)

पिवळं वाडगं ही अगदी बरोबर निवड. पिवळ्या रंगाकडे हे जीव ओढले जातात आणि साबणाने पाण्याचा ताण मोडतो, म्हणून ते बुडतात. पण पाठवायच्या आधी तीन गोष्टी.

ते जंगल संरक्षित होतं का आणि गोळा करायला परवानगी लागते का, हे आधी विचारून घे. एका देशातून दुसऱ्या देशात नमुने न्यायचे तर जैविक संपत्तीच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय नागोया करार आणि त्या त्या देशाचे कायदे लागू होतात. अभ्यासकांनाही त्यातून सूट नाही. बिनपरवानगीचा नमुना कितीही दुर्मीळ असला तरी मी त्याचं वर्णन करू शकणार नाही.

बाटलीत साबणाचंच पाणी असेल तर ते आजच ओतून टाक, अगदी बारीक कापडातून गाळून, आणि किडे ९५ टक्के इथेनॉलमध्ये घाल. नुसत्या पाण्यात ते कुजतात. बाटली थंड आणि अंधाऱ्या जागी ठेव, म्हणजे डीएनएही टिकेल.

आणि आज रात्री झोपायच्या आधी, आठवतंय तोवर, एका जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिही: देश, जंगलाचं नाव, वाडगं नेमकं कुठे ठेवलं होतं, ओढ्याकाठी की मोकळ्या जागी, शक्य असेल तर अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पद्धत ‘पिवळं वाडगं’, आणि तुझं नाव. माझ्या कपाटात एक अतिशय सुंदर मादी आहे, पंखांची झालर शाबूत, शृंगिका शाबूत, आणि तिच्या बाटलीवर फक्त ‘जंगल, पाऊस’ एवढंच लिहिलेलं आहे. ती नवी असावी असं मला वाटतं. तिच्यावर मी काहीच छापू शकलेले नाही.

चिठ्ठी बाटलीवर चिकटवू नकोस, आत टाक. आणि शिसपेनने लिही, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.